गुरुवारी फरशीवर पाणी: खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीचा ओव्हरफ्लो आणि परतीच्या पाण्याचा हिशेब

लाईट गेली की टाकीचं पाणी फरशीवर येतं, पण दर वेळी येतंच असं नाही. हीच खरी अडचण आहे. नेहमी गळणारी टाकी सापडते, कारण तिथे ओल राहते. कधी गळणारी, कधी न गळणारी टाकी मात्र दिवसचे दिवस चकवत राहते. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर यात अडकलो होतो. कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं, की मोठ्या खाऱ्या टाकीचं पाणी वर-खाली फिरवण्याची सगळी आखणी त्या एका कारणात दडलेली आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टाकीबद्दल. वरची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. खाली कपाटात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि पंधरा इंच उंच संप, म्हणजे खालची टाकी. दोन्ही मिळून दगड-वाळू वजा जाता साधारण सातशे लिटर पाणी. फक्त मासे आणि सिरॅमिकचे दगड. भारतीय समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून दगड उचलून आणायचा विचारही कुणी करू नये. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची पेटी आहे, तिच्या कडेला दाते असलेली काळी पट्टी. त्या दात्यांमधून पाणी पेटीत पडतं, पाइपने संपमध्ये उतरतं, स्किमरमधून (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) जातं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो.

पुण्यात आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी. त्या महिन्यातल्या चार गुरुवारांपैकी तीन गुरुवारी कपाटाखाली पाणी होतं. पहिल्यांदा बादलीभरही नव्हतं, तिसऱ्यांदा मात्र दीड बादली निघालं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर डाग उमटला, कपाटाचं प्लायवूड खालून फुगायला लागलं. लाईट परत आली की सगळं पहिल्यासारखं. संपची पातळी जागेवर, मासे ठीक, कुठेही थेंब नाही.

मी आधी चुकीच्या जागी शोधलं. संपच्या जोडावरची सिलिकॉन तपासली, टँक निपल घट्ट केले, स्किमरच्या कपावर संशय घेतला. परतीच्या पाइपवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवलेला असल्यामुळे पाणी उलटं येत असेल हे डोक्यातच आलं नाही. तुम्हीही याच टप्प्यावर असाल तर जोड तपासणं थांबवा आणि एक प्रश्न विचारा: ज्या गुरुवारी पाणी आलं नाही, त्याच्या आदल्या दिवशी मी काय केलं होतं?

मी काच पुसली होती. काच पुसताना शेवाळाचं पॅड परतीच्या पाइपवरूनही फिरवलं होतं. त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली चार मिलिमीटरचं एक भोक आहे.

हे भोक कशासाठी असतं ते नीट समजून घेऊ. रिटर्न पंप बंद पडतो तेव्हा परतीच्या पाइपमध्ये पाणी भरलेलंच असतं. वरचं तोंड पाण्यात बुडालेलं, खालचं टोक संपमध्ये. म्हणजे तयार सायफन. पंप ज्या पाइपने पाणी वर चढवत होता, त्याच पाइपने ते आता खाली यायला लागतं. पाइपला हवा मिळाली की हा सायफन तुटतो. पातळीच्या जरा खाली भोक असेल, तर पातळी थोडी उतरताच तिथून हवा शिरते आणि पाणी थांबतं. भोक बुजलेलं असेल, तर नोझलचं, म्हणजे परतीच्या पाइपच्या वरच्या टोकाचं, तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी होत राहते. माझं नोझल पातळीच्या दोन इंच खाली होतं.

दोन इंच ऐकायला काहीच वाटत नाही. आकडे मांडल्यावर मात्र वाटतं. सहा बाय दोन म्हणजे बारा चौरस फूट पृष्ठभाग, त्याचा एक इंच म्हणजे एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. दोन इंच म्हणजे ५६-५७ लिटर. संपचा पृष्ठभाग साडेचार चौरस फूट, त्यामुळे वर एक इंच उतरला की खाली जवळजवळ पावणेतीन इंच चढतो. माझ्या संपमध्ये चालू पातळी दहा इंचांवर असते, वर पाच इंच मोकळे, म्हणजे ५३ लिटरची जागा. भोक उघडं असताना खाली येणारं पाणी: दात्यांवरून वाहणारा थर २३ लिटर, पेटीतलं पाच, पाइपमधलं दोन-तीन. एकूण तीस-एकतीस. सहज मावतं. भोक बुजलं की ५७ आणि वर आठ, म्हणजे ६५ लिटर. बारा लिटर बाहेर. पहिल्या गुरुवारी फरशीवरून साधारण तेवढंच पाणी पुसलं होतं.

आणि एनआरव्ही? तो उघडून पाहिला. झडपेच्या कडेला नळीकिड्यांची चुन्याची पांढरी वेटोळी चिकटली होती आणि एका बाजूला चिमुकल्या गोगलगायीचा शंख अडकला होता. झडप पूर्ण बसतच नव्हती. खाऱ्या पाण्यात चुना जमणारच, अंधारा पाइप ही तर अशा किड्यांची आवडती जागा. माझं मत स्पष्ट आहे: एनआरव्ही लावायचा तर लावा, पण हिशेब करताना तो नाहीच असं धरून करा. मी काढून टाकला. त्याच्यामुळे पंपाचा जोरही कमी होत होता.

तरी एक गोष्ट उरत होती. पहिल्या गुरुवारी बारा लिटर, मग तिसऱ्या वेळी अठराच्या आसपास कसे? भोक तर तेवढंच बुजलेलं.

इथे पाण्यातले क्षार मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मदत केली. क्षार दर हजारी ३५ असायचे ते जेमतेम ३३ भरले. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, कमी होत नाहीत. कमी झाले याचा अर्थ खारं पाणी गेलं आणि त्या जागी गोडं आलं. फरशीवर सांडलेलं पाणी खारं होतं आणि ऑटो टॉप-अपने (संपची पातळी उतरली की फ्लोटच्या इशाऱ्यावर गोडं पाणी सोडणारी यंत्रणा) ती तूट आरओच्या पाण्याने मुकाट्याने भरून काढली होती. म्हणूनच लाईट आल्यावर पातळी जागेवर दिसायची. इतक्या दिवसांत मला कुठे काही कमी झाल्याचं दिसलं नाही, ते यामुळे.

पण ऑटो टॉप-अपने आणखी एक काम केलं होतं, आणि ते जास्त महत्त्वाचं. दात्यांमधल्या फटी शेवाळाने आणि मिठाने हळूहळू बुजत होत्या. फट कमी झाली की तेवढंच पाणी जाण्यासाठी वरची पातळी चढते. वर पातळी चढली की खाली उतरते. फ्लोटला वाटतं बाष्पीभवन झालं, तो गोडं पाणी सोडतो. खालची पातळी पुन्हा बरोबर, पण आता सगळ्या यंत्रणेत पाच-सहा लिटर पाणी जास्त आहे, आणि ते वरच्या टाकीत लपलेलं आहे. लाईट गेली की ते सगळ्यात आधी खाली येतं. माझ्या टाकीत पातळी पाच मिलिमीटर चढली होती. बारा चौरस फुटांवर पाच मिलिमीटर म्हणजे साडेपाच लिटर. बारा अधिक साडेपाच, मिळून जवळजवळ अठरा. गुरुवारी फरशीवर दिसलेलं पाणी मागच्या तीन आठवड्यांत थेंबाथेंबाने साचलेलं होतं.

म्हणून मोठ्या टाकीसाठी मी एकच नियम मानतो: संप भरायचा तो पंप बंद असताना. नवी टाकी लावताना वरची टाकी पट्टीच्या कडेपर्यंत भरा, परतीचा पाइप पाण्याने भरून सायफन होऊ द्या, पेटी उतरू द्या, आणि या सगळ्यानंतर संप काठापासून दीड-दोन इंच खाली असेल एवढंच पाणी ठेवा. तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. मग पंप सुरू करा, पातळी स्थिरावली की दुसरी रेघ मारा. पाणी बदलल्यावर डोळ्यांनी पाहायचं ते चालू पातळीकडे नाही, बंद पातळीच्या रेघेकडे. लाईट कधी जाईल याची वाट बघायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः पंपाचं बटण बंद करतो, पंधरा मिनिटं थांबतो आणि पाणी पहिल्या रेघेवर थांबतं का ते बघतो. दोन-तीन मिलिमीटर वर गेलं तर दाते किंवा भोक बुजायला लागलंय हे फरशी ओली होण्याच्या कितीतरी आधी कळतं.

दुरुस्ती काय केली ते आता सांगतो. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती नोझलची. तोंड वर वळवून पट्टीच्या कडेच्या पातळीला आणलं. आता सायफन झाला तरी पट्टीच्या खाली तो पाणी ओढूच शकत नाही. भोक ठेवलंय, पण त्याच्या भरवशावर काही नाही. पाण्याचा जोर खोलवर पोचावा म्हणून परतीचं नोझल खाली नेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. खोलवरचा प्रवाह वेव्हमेकरने (टाकीच्या आतच पाणी ढकलणारा छोटा पंप) मिळवा. परतीच्या पाइपचं काम पाणी परत आणण्याचं, तेवढंच त्याच्याकडून घ्या.

दुसरी दुरुस्ती पट्टीची, आणि नवी टाकी बनवून घेणाऱ्यांनी हा भाग काळजीपूर्वक वाचावा. कडेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या थराची जाडी कडेच्या लांबीवर ठरते. माझा पंप ताशी तीन हजार लिटर पाणी वर आणतो. पेटीच्या दोन्ही बाजू मिळून सोळा इंच, म्हणजे चाळीस सेंटिमीटर, पण दात्यांनी निम्म्याहून जास्त जागा अडवलेली. मोकळी फट पंधरा सेंटिमीटर. एवढ्या फटीतून ताशी तीन हजार लिटर जायला साधारण एकवीस मिलिमीटरचा थर लागतो. दाते काढून सरळ कड ठेवली आणि मासे उडी मारून पेटीत पडू नयेत म्हणून वर मोठ्या जाळीचा पडदा लावला, तर तोच थर अकरा-बारा मिलिमीटरवर आला. नऊ मिलिमीटर वाचले, म्हणजे दर वेळी लाईट गेल्यावर दहा लिटर पाणी कमी खाली येतं. शिवाय पातळ थर पृष्ठभागावरचा तेलकट तवंग जास्त चांगला ओढतो, तवंग गेला की पाण्यात हवा नीट मिसळते. टाकी नव्याने करून घेणार असाल तर कोपऱ्यातल्या उभ्या पेटीऐवजी मागच्या काचेला वरच्या बाजूला लांब, उथळ पेटी मागा. फक्त काचवाल्याला आधीच सांगा, की कुठल्या काचेला भोकं पाडायची आहेत. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो.

पंप खरोखर किती पाणी आणतो हे खोक्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. माझ्या पंपावर सहा हजार लिहिलंय. पाच फूट उंची, चार एल्बो आणि एक युनियन पार करून वर येतात तीन हजार. मोजायचं सोपं आहे: परतीचा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडा, मोबाईलवर वेळ लावा. चोवीस सेकंदांत बादली भरली, म्हणजे ताशी तीन हजार लिटर. टाकीतलं पाणी ताशी पाच वेळा संपमधून फिरतं, फक्त माशांच्या टाकीला एवढं पुरेसं आहे. याहून जोरात फिरवून आवाज, उष्णता आणि विजेचं बिल वाढतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. खाली उतरणाऱ्या पाइपमधून पाण्याबरोबर हवा गेली की तो गुळगुळ वाजतो, आणि दर काही मिनिटांनी मोठ्याने हवा ओढून पेटीतली पातळी वर-खाली करतो. डर्सो पद्धतीचा पाइप हवा मुद्दाम आत घेतो, त्याच्यावर टोपी असते आणि टोपीला छोटं भोक. कमी पाणी असेल तर तो छान चालतो. ताशी तीन हजारांना माझ्याकडे तो सतत वाजायचा. मी हर्बी पद्धतीवर आलो. एक पाइप पूर्ण पाण्याने भरलेला, त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह, दुसरा पाइप उंच आणि कोरडा, फक्त अडचणीसाठी. गेट व्हॉल्व्हच हवा, साधा बॉल व्हॉल्व्ह नको. बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला की पातळी इंचभर हलते. भरलेल्या पाइपचं खालचं टोक संपच्या पाण्यात एका इंचाहून जास्त बुडवू नका, नाहीतर लाईट आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी अडचणीच्या पाइपकडे धावतं. पाइप सलग उतरता ठेवा. नव्वदच्या एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन लावा. लांब आडवा तुकडा असेल तर हवा तिथेच अडकून बसते.

इथेही हिशेब सुटू देऊ नका. भरलेल्या पाइपचं तोंड पेटीच्या तळाशी असेल तर लाईट गेल्यावर सगळी पेटी रिकामी होते. आठ बाय आठ इंचांची सोळा इंच खोल पेटी म्हणजे जवळजवळ सतरा लिटर. मी ते तोंड पट्टीच्या सहा इंच खाली ठेवलं, त्यामुळे सहाच लिटर येतात. पेटीला दुसरं भोक नव्हतं, म्हणजे होतं, पण त्यातून परतीचा पाइप वर येत होता. तो काढून मागच्या काठावरून आणला आणि ते भोक अडचणीच्या पाइपला दिलं. त्याचं खालचं टोक मुद्दाम संपच्या पातळीच्या वर ठेवलंय. त्यातून पाणी पडलं की धबधब्यासारखा आवाज होतो. तो आवाज आला की मुख्य पाइप बुजतोय हे शेजारच्या खोलीतही कळतं. बसवल्यावर मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा पाइप एकटा सगळं पाणी नेतो का ते बघा. ही चाचणी केल्याशिवाय झोपू नका.

कारण उलटा पूरही येतो. वरून खाली जाणारा पाइप बुजला आणि पंप चालूच राहिला, तर संपच्या शेवटच्या, रिटर्न पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जातं. माझ्या त्या कप्प्यात पंचवीस लिटर असतं. वरच्या टाकीत काठापर्यंत दीड इंच मोकळे, म्हणजे ४२ लिटर. मावतं. पण कप्पा रिकामा झाला की फ्लोट गोडं पाणी सोडत राहतो, आणि माझा आरओचा डबा होता चाळीस लिटरचा. पंचवीस अधिक चाळीस म्हणजे पासष्ट, त्यातले तेवीस लिटर फरशीवर, तेही मी ऑफिसात असताना. डबा पंधरा लिटरचा केला. मे महिन्यात माझ्या टाकीतून दिवसाला सात-आठ लिटर उडतात, दर दोन दिवसांनी डबा भरावा लागतो. तो त्रास मी आनंदाने घेतो.

टाकीच्या आत पाणी फिरवण्याचं काम दोन वेव्हमेकरचं. दोन्ही मिळून ताशी दहा-बारा हजार लिटर, समोरासमोरच्या टोकांना, एक थोडा वर तोंड करून, एक मागच्या काचेच्या कडेने. आधी दोन्ही मी पेटीच्या बाजूला लावले होते. तिथे लाट आपटायची, पेटीतली पातळी डुलायची आणि इतक्या मेहनतीने शांत केलेला पाइप पुन्हा हवा ओढायचा. पेटीजवळचा वेव्हमेकर दूर नेल्यावर सगळं थांबलं. पाणी कुठे थांबतंय ते बघायला पंप चालू ठेवूनच चिमूटभर बारीक खाद्य सोडा आणि बाजूने पाहा. दगडांच्या मागे ते गोल फिरत बसत असेल, तर महिन्याभरात तिथे गाळ आणि मग लालसर चिकट सायनोबॅक्टेरियाचा थर दिसणार. औषधापेक्षा वेव्हमेकर दहा अंश वळवणं जास्त उपयोगी पडतं.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर वेव्हमेकर ठेवा, रिटर्न पंप नाही. लाईट गेल्यावर मासे दगावतात ते ऑक्सिजन संपल्यामुळे, आणि पृष्ठभाग हलता ठेवायला पंधरा वॉटचा वेव्हमेकर पुरतो. जुन्या धाटणीच्या एसी मोटरसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो, दुसऱ्यावर मोटर घुरघुरते आणि तापते.

शेवटची गोष्ट मी खरं तर पहिल्या गुरुवारीच करायला हवी होती. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात जमिनीवर पडलेला होता, सांडलेल्या खाऱ्या पाण्यापासून दोन वीत अंतरावर. आता तो भिंतीवर संपच्या काठाहून उंच आहे, प्रत्येक वायर बोर्डच्या खाली झोळ घेऊन मग वर जाते, त्यामुळे वायरवरून ओघळणारा थेंब झोळातूनच खाली पडतो. टाकीच्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवला आहे. पाणी दिसलं की आधी मेन स्विच बंद करा, फरशी नंतर पुसा.

बदल करून आता चार महिने झाले. पंप बंद केला की बावीस लिटर खाली येतात आणि रेघेवर थांबतात. क्षार आठवडाभर हळूहळू मिठाचं पाणी घालत ३५ वर आणले. एकदम वाढवले नाहीत, माशांना तो धक्का सोसत नाही. काकूंच्या छताला मागच्या आठवड्यात रंग देऊन झाला.